जोखीम शेवटी कुणाच्या दारात उतरते

१९९०च्या दशकाच्या मध्यावर कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ ही फ्रेंच मोटार बाहेर पडू लागली. उदारीकरणानंतर परदेशी भागीदारीतून देशात तयार झालेल्या पहिल्या काही मोटारींत तिची गणना होते. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती यांपलीकडे फारसं काही न पाहिलेल्या मध्यमवर्गाने तिचं जोरदार स्वागत केलं. तीन-चार वर्षांत हे सगळं आटोपलं. कामगारांशी तंटा विकोपाला गेला, उत्पादन अडलं, विक्री घसरली. त्यातच प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यासाठी फियाटशी, म्हणजे प्यूजोच्या थेट स्पर्धकाशी, वेगळी भागीदारी केली. १९९७च्या सुमारास प्यूजोने भारतातून पाय काढून घेतला. मागे राहिले ते कामगार, सुट्या भागांसाठी वणवण करणारे गाडीमालक आणि या गाडीच्या भरवशावर यंत्रं घेतलेले लहान पुरवठादार. डोंबिवलीकरांना आज ‘प्रीमियर’ म्हटलं की राजकीय सभांचं मैदान आठवतं.

या कंपनीचा सगळा प्रवासच बाहेरच्या भागीदारावर विसंबण्याच्या जोखमीचा धडा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ती काढली. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग फियाटचा परवाना घेतला आणि फियाट ११०० चीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. १९८५च्या ११८ एनई या गाडीचा सांगाडा मूळचा फियाटचा आणि इंजिन निस्सानचं. मग प्यूजो. कंपनी उतरणीला लागल्यावर २००९ साली आणलेली ‘रिओ’ चीनच्या झोत्ये कंपनीच्या गाडीवर बेतलेली होती. साडेसहा दशकांत भागीदार बदलले, देश बदलले, पण इंजिन किंवा आराखडा यांपैकी एक तरी कायम दुसऱ्याच्या हातात राहिला. पद्मिनीने मुंबईच्या रस्त्यांवर २०२३पर्यंत टॅक्सी म्हणून सेवा दिली. तिला जन्म देणारी कंपनी त्याआधीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती.

याच्या शेजारी बजाजची आकुर्डी ठेवून पाहावी. बजाज ऑटोने १९६०च्या सुमारास इटलीच्या पियाजिओचा परवाना घेऊन स्कूटर बनवायला सुरुवात केली. १९७१ साली तो परवाना संपला आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही. भागीदार गेला. पण तोवरच्या दहा-अकरा वर्षांत स्कूटर घडवण्याचं काम आकुर्डीच्या हातात मुरलं होतं, पुरवठादारांची फळी उभी राहिली होती. १९७२ साली चेतक आली आणि पुढची अनेक वर्षं तिच्यासाठी लोक रांगेत उभे राहिले. संरक्षित बाजारपेठेचा फायदा बजाजला मिळाला हे खरंच, पण तोच फायदा प्रीमियरलाही मिळत होता. भागीदार असताना कुणी काय शिकून ठेवलं, यावर पुढचं सगळं ठरलं.

बाहेरच्या पुरवठादारांवर आणि भागीदारांवर अवलंबून राहणं हा उद्योगाचा दोष नव्हे. एकही कारखाना सगळं स्वतः बनवत नाही आणि बनवू नये. पण बाहेर काम दिलं की त्याबरोबरची जोखीमही बाहेर गेली, असा जो समज खरेदी विभागात आणि ताळेबंदात दिसतो, तो घातक आहे. जोखीम कुठेही जात नाही. ती एक पायरी खाली उतरते, तिथून आणखी खाली, आणि शेवटी अशा माणसाच्या दारात जाऊन थांबते ज्याला ती पेलण्याची ताकद सर्वांत कमी असते. तो कोसळला की तीच जोखीम वर परत येते, मोठी होऊन. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा पट्टा या साखळीच्या बहुतेक साऱ्या पायऱ्या एकत्र पाहायला मिळतात असा आहे, म्हणून हा आढावा इथूनच घेतला.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची अगदी पहिली वसाहत. पुढे ठाणे-बेलापूर रस्ता, डोंबिवलीचे दोन टप्पे, अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड. कळव्यात सीमेन्स, मुंब्र्यात भारत गिअर्स, पोखरण रस्त्यावर व्होल्टास आणि ब्लू स्टार अशी मोठी नावं आली आणि त्यांच्या आजूबाजूला गाळ्यागाळ्यांतून लहान कारखाने वाढले. एका साध्या विजेच्या पॅनेलचं उदाहरण घेतलं तरी ही वीण कळते. पत्रा कापून वाकवणारा एक, पावडर कोटिंग करणारा दुसरा, तांब्याच्या बसबारला कथिल किंवा चांदी चढवणारा तिसरा, प्लॅस्टिकचे भाग मोल्ड करणारा चौथा, वायरिंग हार्नेस बांधणारा पाचवा. नियंत्रण कार्डाचा पीसीबी कुठून तरी भरून येतो आणि त्यावरची चिप तैवान, मलेशिया नाहीतर चीनमधून. वर नाव असतं एकाच कंपनीचं. त्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला पहिल्या पायरीचे व्हेंडर पाठ असतात. प्लेटिंगवाला कोण, हे त्याला माहीत असेलच असं नाही, कारण ते काम त्याच्या व्हेंडरने पुढे दिलेलं असतं. बहुतेक मोठे धक्के नेमके याच दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरून येतात.

या साखळीतला सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न साच्यांचा आहे. प्लॅस्टिकचा मोल्ड किंवा पत्र्याची डाय म्हणजे लाखो रुपयांचा ऐवज. बहुधा त्याचे पैसे मोठी कंपनी देते, पण साचा पडून असतो व्हेंडरच्या गाळ्यात, वर्षानुवर्षं. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते, नाहीतर तो पुरवठा समजून कर लागतो. साचे, डाय, जिग, फिक्स्चर मात्र या मुदतीतून वगळलेले आहेत. उद्योगाच्या दृष्टीने ही सवलत योग्यच आहे. पण तिचा एक परिणाम असा की साचा परत मागण्याची, त्याची मोजदाद करण्याची कायदेशीर वेळच कधी येत नाही. मग व्हेंडरचं बँकेचं कर्ज थकतं, बँक गाळ्याला सील ठोकते आणि आत अडकलेला साचा आपला आहे हे सिद्ध करायला कंपनीकडे धड कागदही नसतो. दुसरीकडून पाहिलं तर व्हेंडरचीही तक्रार रास्त आहे. साचा कंपनीचा असला तरी तो झिजल्यावर दुरुस्त करणारा, ट्रायल घेऊन घेऊन माप जमवणारा कारागीर त्याचा असतो. ड्रॉइंगवर नसलेल्या दहा सुधारणा त्या साच्यात झालेल्या असतात. कंपनीने साचा उचलून दुसऱ्याकडे नेला की पहिल्या मालात रिजेक्शन का येतं, याचं उत्तर त्या न लिहिलेल्या सुधारणांत आहे. साच्याची मालकी कागदावर आणि साच्याचं ज्ञान माणसात, ही फारकत जिथे आहे तिथे पुरवठादार बदलणं सोपं असल्याचा खरेदी विभागाचा दावा मला पटत नाही.

वागळे इस्टेटमध्ये हीच माणसं कमी होत चालली आहेत. ठाण्यात जमिनीचे भाव चढले तसे जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती, आयटी पार्क आणि निवासी संकुलं उभी राहिली. टूल रूमवाले, टर्नर, फिटर, ग्राइंडिंगवाले भिवंडी, वसई, मुरबाडकडे सरकले किंवा धंदा बंद करून गाळा भाड्याने देऊन मोकळे झाले. मालकाच्या बाजूने हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, कारण गाळ्याचं भाडं अनेकदा लेथच्या कमाईपेक्षा जास्त आणि बिनघोर असतं. पण सकाळी डाय तुटली आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून मिळाली, ही जी ताकद ठाण्याच्या उद्योगाकडे होती, ती कुठल्याही ताळेबंदात मालमत्ता म्हणून नोंदलेली नव्हती. म्हणून ती गेली तेव्हा नुकसान म्हणूनही कुणी नोंदवली नाही.

अशा जवळच्या जाळ्याची किंमत जपानने एकदा जगाला दाखवली आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया इथल्या आइसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्णपणे तिथेच बनत होता आणि टोयोटाकडे त्याचा साठा होता काही तासांचा. देशभरातल्या टोयोटाच्या लाइन थांबल्या. मग शेजारपाजारचे शेकडो लहान-मोठे कारखाने, ज्यांच्यातल्या अनेकांनी तो व्हॉल्व्ह पूर्वी कधी बनवला नव्हता, ड्रॉइंग घेऊन कामाला लागले. शिवणयंत्रं बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेही त्यात हात लावला. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. एकाच पुरवठादारावर विसंबण्याची चूक टोयोटाची होती. तिला सावरलं ते हाताशी असलेल्या कारागिरांनी आणि अनेक वर्षं नीट वागवलेल्या पुरवठादारांनी. ठाण्यात एखाद्या मोठ्या कारखान्यावर उद्या अशी वेळ आली, तर धावून येणारे किती उरले आहेत?

धावून येणं हे वागणुकीवरही अवलंबून असतं, आणि इथे पैशाचा विषय येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ साली आला. त्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. कायदा कडक आहे. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्यावर अशा थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सुकरता परिषदेत दावा लावायला लहान कारखानदार धजत नाही. मालाचे पैसे तीन-तीन, चार-चार महिने अडकतात, त्यात मधूनच रिजेक्शनची डेबिट नोट येते आणि पगाराच्या तारखेला ओव्हरड्राफ्ट तोंडाशी आलेला असतो. मोठ्या कंपनीने आपल्या खेळत्या भांडवलाची गरज अशी गाळेवाल्याच्या खात्यावर ढकललेली असते. २०२३च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ब मध्ये नवी तरतूद आणली. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच ती वजावट मिळते. तिचा धाक बसला, हे खरं. पण काही खरेदीदार नोंदणीकृत लहान कारखान्यांऐवजी मध्यम कारखान्यांकडे किंवा नोंदणी नसलेल्यांकडे वळल्याच्या तक्रारीही लगेच सुरू झाल्या. लहान माणसाला वाचवायला केलेला नियम त्याच्याच ऑर्डरवर येतो, याचा अर्थ नियम वाईट आहे असा मी घेत नाही. खरेदी करणाऱ्याने भावाच्या पलीकडे पाहिलं नाही तर कुठलाही नियम वळवता येतो, एवढाच घेतो. पैसे अडकलेला पुरवठादार आधी देखभाल थांबवतो, मग चांगला माणूस सोडतो, मग स्वस्त कच्चा माल वापरतो. गुणवत्तेच्या ऑडिटमध्ये दोष सापडेपर्यंत या घसरणीला वर्ष-दीड वर्ष होऊन गेलेलं असतं.

डोंबिवलीत ही घसरण जिवावर उठते. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसमधल्या स्फोटात बारा जणांचा बळी गेला. २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या टप्प्यातल्या अमुदान केमिकल्समध्ये रिअ‍ॅक्टरचा स्फोट होऊन दहाहून अधिक माणसं मेली. शेजारच्या कारखान्यांचं मोठं नुकसान झालं, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मेलेल्यांमध्ये आजूबाजूला कामावर असलेली माणसंही होती. या दोन तारखा या शहराच्या मनावर कोरलेल्या आहेत आणि उद्योगाच्या जोखमीचा हिशेब मांडताना त्या आधी माणसांच्या मृत्यूच्या तारखा आहेत, हे विसरता कामा नये.

पण व्यवसायाच्या बाजूनेही त्यांचा अर्थ लावायला हवा. बाहेरून रसायन, रंग, रेझिन, प्लेटिंग घेणारा यंत्र उत्पादक आपल्या पुरवठादाराच्या गाळ्यात कधी पाऊल टाकतो का? किलोमागे दोन रुपये कमी सांगणाऱ्याने ते दोन रुपये कुठून वाचवले, हे विचारतो का? सुरक्षेवरचा खर्च हा बाहेरून न दिसणारा खर्च आहे, म्हणून भावाच्या घासाघाशीत तोच आधी कापला जातो. अपघातानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कारखाना निरीक्षक कामाला लागतात, बंदच्या नोटिसा निघतात, वीज-पाणी तोडलं जातं. अशा वेळी नियमाने चालणारा शेजारीही काही दिवस थांबतो आणि त्याच्यावर विसंबलेला पुण्याचा किंवा नाशिकचा ग्राहक अडकतो. फेब्रुवारी २०२०मध्ये डोंबिवलीचा रस्ता रसायनाने गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्र्यांना येऊन पाहणी करावी लागली होती. पाहणी, इशारे, स्थलांतराच्या घोषणा हे चक्र तेव्हापासून सुरूच आहे. ज्याच्या डोक्यावर स्थलांतराची टांगती तलवार आहे तो कारखानदार नव्या सुरक्षा यंत्रणेत पैसा घालायला कचरतो. अनिश्चितता स्वतःच इथे धोका वाढवते.

भूगोलाचा भाग थोडक्यात. पुरवठादार दहा-बारा किलोमीटरवर असला म्हणजे निर्धास्त राहता येत नाही, हे कल्याण-डोंबिवलीने पुलांमुळे शिकलं. कल्याणचा पत्री पूल २०१८ साली धोकादायक म्हणून बंद करून पाडला आणि नवा पूल खुला व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. डोंबिवलीचा कोपर पूलही सप्टेंबर २०१९पासून दोन वर्षं बंद होता. २०१८ मध्येच मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला. अशा वेळी टेम्पोच्या फेऱ्या निम्म्यावर येतात, आणि ‘रोज माल आला पाहिजे, साठा ठेवणार नाही’ असा आग्रह धरणाऱ्या कंपनीचा व्हेंडर रात्री गाडी काढतो. विजेचंही तसंच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि सगळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई काही तास अंधारात गेली. प्रत्येकाने आपापला जनरेटर घेतला असेल, तरी सगळ्यांचा मूळ पुरवठा एकाच गळ्यातून येतो हे त्या सकाळी दिसलं.

दूरच्या पुरवठ्याचे धक्के याहून मोठे असतात आणि त्यांची चाहूल आधी लागत नाही. २०२१ च्या चिपटंचाईत महिंद्र अँड महिंद्रने सप्टेंबर महिन्यात वाहनांचं उत्पादन २० ते २५ टक्क्यांनी कमी करावं लागेल, असं जाहीर केलं. बातम्या चिपच्याच झाल्या. पण गाडीचं शेड्यूल कापलं गेलं की चिपशी काडीचा संबंध नसलेला, ब्रॅकेट आणि बुश बनवणारा लहान कारखानाही त्याच दिवशी थांबतो. त्याचा माल तयार असतो, पोलादाचे पैसे दिलेले असतात आणि गोदामात जागा नसते. एका भागाची टंचाई दुसऱ्या भागाच्या साठ्यात बदलते आणि त्या साठ्याचा भार परत खालच्याच पायरीवर पडतो.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्यात परवान्याचं बंधन घातलं. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटारीत ही चुंबकं लागतात आणि जगातली सुमारे नव्वद टक्के चुंबकं चीनमध्ये तयार होतात. जुलैपर्यंत बजाज ऑटोला सांगावं लागलं की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. पियाजिओशिवाय उभी राहिलेली तीच चेतक, तेच नाव, अर्ध्या शतकानंतर एका चुंबकापाशी अडली. यात बजाजची हेळसांड शोधण्यात अर्थ नाही, कारण त्या वेळी संपूर्ण जगाकडेच दुसरा मोठा पुरवठादार नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशी चुंबकं देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अशा कारखान्याला उभं राहायला वर्षं लागतात. एखाद्या भागाचा एकच विक्रेता शिल्लक राहतो तेव्हा त्याची किंमत बाजार ठरवत नाही, तिथलं सरकार ठरवतं, आणि ते सरकार आपल्या ऑर्डरवर नव्हे, स्वतःच्या राजकारणावर चालतं.

आपल्या सरकारचे निर्णयही याच यादीत येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये शीतवायू भरलेल्या एअर कंडिशनरच्या आयातीवर बंदी आली. जोडणी भारतात वाढली, रोजगार आला, पण कॉम्प्रेसरसारखा मुख्य भाग मोठ्या प्रमाणावर चीन आणि थायलंडवरच अवलंबून राहिला. गुणवत्ता नियंत्रण आदेश निघतात तेव्हा परदेशी पुरवठादाराकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना नसेल तर मालच येऊ शकत नाही, आणि ज्याची वार्षिक खरेदी चार पेट्या आहे अशा अंबरनाथच्या कारखान्यासाठी तो परदेशी उत्पादक परवाना घेण्याची तसदी घेत नाही. २०२०नंतर चिनी तंत्रज्ञांचे व्हिसा रखडले तेव्हा यंत्रं येऊन पडली आणि ती चालू करून देणारा माणूस येईना. यांतला प्रत्येक निर्णय राष्ट्रहिताच्या कसोटीवर योग्य असू शकतो. त्याची पूर्वसूचना आणि मुदत लहान कारखान्याच्या मापाने ठरवली जात नाही, हा माझा आक्षेप आहे.

बंदराची एक घटना मुद्दाम नोंदवतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा संगणक विषाणू युरोपातून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बसली. तिच्याशी जोडलेलं जेएनपीटीतलं टर्मिनल त्यात सापडलं आणि न्हावा शेवाबाहेर कंटेनरची रांग लागली. ठाणे जिल्ह्यातल्या ज्या कारखानदाराने आपल्या संगणकांना उत्तम संरक्षण दिलं होतं त्याचाही माल अडला. कुणाच्या संगणकावर आपला माल अवलंबून आहे, हा प्रश्न तेव्हा इथल्या फारच थोड्यांनी स्वतःला विचारला असेल.

भागीदारीतल्या जोखमीचं सर्वांत गाजलेलं अलीकडचं मराठी उदाहरण मात्र तळेगावचं. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटी रुपयांचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. तो संताप समजण्यासारखा होता. पण १० जुलै २०२३ रोजी फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली, तेव्हा त्या गदारोळात न विचारलेला प्रश्न समोर आला. चिप बनवण्याचं तंत्र या दोघांपैकी कुणाचं होतं? वेदांत खाणी आणि धातूंतली कंपनी, फॉक्सकॉन जोडणीतली. तंत्रज्ञान तिसऱ्याकडून घ्यायचं होतं आणि ते ठरतच नव्हतं. प्यूजोच्या वेळी जे झालं त्याचीच ही आवृत्ती, फक्त इथे कारखाना उभा राहण्याआधीच करार मोडला. प्रकल्प कुठल्या राज्यात गेला यावर आपण वर्षभर भांडलो. त्याचं ज्ञान कुणाकडे आहे हे पहिल्या दिवशी तपासलं असतं तर त्या भांडणातला बराचसा दम तिथेच संपला असता.

मग करायचं काय? प्रत्येक भागाला दोन पुरवठादार ठेवा, असा सल्ला सर्रास मिळतो. मोठ्या कंपनीला तो परवडतो, वर्षाला पाचशे नग घेणाऱ्या डोंबिवलीच्या कारखान्याला नाही. दोन साचे म्हणजे दुप्पट खर्च, आणि ऑर्डर अर्धी-अर्धी वाटली तर दोघांनाही त्यात रस राहत नाही. त्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी वाटतात त्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. अडलं तर अख्खं उत्पादन थांबेल असे पाच-सहा भाग शोधून फक्त त्यांचा तीन महिन्यांचा साठा ठेवणं. नवं यंत्र किंवा कार्ड आखतानाच दोन वेगवेगळ्या कंपन्यांची चिप बसेल अशी जागा ठेवणं. साच्यांची यादी, मालकीचा करार आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर सुधारलेलं ड्रॉइंग. पुरवठादाराचा पुरवठादार कोण, त्याचा गाळा कुठे, तिथे आग विझवायची सोय आहे का, हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहणं. आणि पैसे वेळेवर देणं. यांतल्या एकाही गोष्टीला परदेशी सल्लागार लागत नाही.

काही कामं मात्र एकट्याने होणारी नाहीत. ठाण्यात टिसा, डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यात ‘कामा’ या उद्योजकांच्या संघटना कितीतरी वर्षं वीज, पाणी, रस्ते आणि कर यांसाठी भांडत आल्या आहेत. कुठल्या गाळ्यात कोणतं यंत्र आहे, कोण काय काम घेऊ शकतो, कुणाकडे प्लेटिंगची टाकी रिकामी आहे, याची ताजी नोंद त्यांनी ठेवली तर कारियासारखी वेळ आल्यावर ड्रॉइंग घेऊन कुणाच्या दारात जायचं हे ठरवायला तासभर पुरेल. लहान उद्योगांच्या समूहासाठी सामायिक सुविधा केंद्र उभारायला केंद्र सरकारची योजना आहे. टूल रूम आणि चाचणी प्रयोगशाळा यांसाठी ती वापरण्याजोगी आहे. शिवाय वागळे इस्टेटमध्ये उरलेल्या औद्योगिक भूखंडांचा वापर बदलताना तिथली शेवटची टूल रूम जाणार आहे का, हे तपासण्याची तरतूद महामंडळाला करता येईल.

डोंबिवलीतल्या धोकादायक कारखान्यांच्या स्थलांतराचा निर्णय तर याच दृष्टीने घ्यायला हवा. दाट वस्तीतून ते हललेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते हलवताना त्यांच्याकडून माल घेणारे कोण, त्यांना माल देणारे कोण, त्यांच्याशिवाय उद्या कुठल्या तीनशे माणसांचं काम थांबेल, याची यादी आधी तयार व्हावी. पाताळगंगेला किंवा अन्यत्र जागा देताना सांडपाणी प्रक्रिया, अग्निशमन आणि कामगारांच्या येण्याजाण्याची सोय पहिल्या दिवशी तयार असावी. ज्यांच्या मालावर ही रसायनं लागतात त्या मोठ्या कंपन्यांनीही या खर्चाचा वाटा भावातून उचलावा. आजवर तो वाटा त्यांनी उचललेला नाही. तो २०१६ मध्ये आणि २०२४ मध्ये डोंबिवलीने उचलला आहे.